कोहळं आणि मुगाच्या डाळीचं सूप: मिक्सर, साय आणि पाकिटाशिवाय

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी विचारलं आहे: "मी आणि सासूबाई दिवसभर कापूस वेचायला जातो. दिवस बुडता घरी आलो की गारठा वाटतो, काहीतरी गरम आणि पातळ प्यावंसं वाटतं. मुलगा सात वर्षांचा आहे, मुलगी नऊ महिन्यांची, मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, बीपी आहे. पाकिटाचं सूप आणलं तर मुलगा आवडीनं पितो, पण मामाजींना ते खारट होतं आणि रोज परवडतही नाही. घरी भाज्या उकडून केलं तर पाणी वर आणि चोथा खाली. संध्याकाळी लाइन गेलेली असते, त्यामुळे मिक्सर चालत नाही. चुलीवर होईल आणि सगळ्यांना चालेल असं सोपं सूप सांगा."

ताई, सगळ्यांना चालेल असं एकच सूप सांगायचं तर ते पिकलेलं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, आणि मुगाची पिवळी डाळ यांचं. दोन्ही गोष्टी या दिवसांत आठवडी बाजारात मिळतात, कोहळं तर बहुतेक घरांच्या माळ्यावर किंवा गोठ्याच्या छपरावर असतंच. बचत गटांच्या आणि अंगणवाडीच्या प्रात्यक्षिकांत मी बरीच वर्षं हेच सूप आधी शिकवत आले आहे. हे एक जमलं की बाकीची सगळी आपोआप जमतात, कारण सूप एकजीव कसं होतं ते यात हाताला कळतं.

आधी तुमचं सूप का फुटतं, ते बघू. डाळीत, बटाट्यात, धान्यात स्टार्च असतो. गरम पाण्यात तो फुगतो, फुटतो आणि पाण्याला धरून ठेवतो. गाजर, कोबी, दुधी, टमाटे यांत तो नावापुरता असतो, त्या भाज्या म्हणजे पाणी आणि तंतू. त्या कितीही उकडल्या तरी तंतू खाली बसणार आणि पाणी वर तरंगणार. हॉटेलात आणि पाकिटात ही उणीव मक्याच्या स्टार्चनं भरून काढतात. घरी ते काम डाळीनं होतं, आणि डाळ नुसता दाटपणा देऊन थांबत नाही. १०० ग्रॅम मुगडाळीत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, मक्याच्या स्टार्चमध्ये ती जवळजवळ नसतातच. मुलाच्या वाटीत नेमकं काय जातंय, हा फरक तिथे आहे.

आता मापं सांगते. चार-पाच जणांसाठी मुगाची पिवळी डाळ अर्धी वाटी, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास. कोहळं साल आणि बिया काढून ३०० ते ३५० ग्रॅम. पाणी सव्वा लिटर, म्हणजे मोठे पाच पेले. लसणाच्या सात-आठ पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, पाव चमचा हळद, अर्धा चमचा जिरं, आठ-दहा मिरे, दोन चमचे तूप, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर, एक लिंबू. बस. कांदा घालायचा असेल तर घाला, नसला तरी अडत नाही.

कोहळं पिकलेलंच हवं. देठ वाळलेला, साल इतकी टणक की नख रुतत नाही, आणि कापल्यावर आत गडद केशरी. कोवळं हिरवट कोहळं भाजीला छान, पण सुपाला त्याचं पाणीच फार सुटतं आणि गोडवा येत नाही. बाजारात कापलेली फोड घेत असाल तर आतल्या बियांकडे बघा. त्या बुळबुळीत झाल्या असतील किंवा गराला वास येत असेल तर घेऊ नका. घरी आणल्यावर कच्च्या गराचा एक कण जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर ते कोहळं सरळ टाकून द्या. दुधी, दोडकं, कोहळं या वेलवर्गातल्या भाज्यांमध्ये कधी कधी कडवट विषारी द्रव्य तयार होतं, ते शिजवून जात नाही, आणि गूळ घालून कडूपणा लपवला तर ते तसंच पोटात जातं. दुधीच्या बाबतीत तर ही चव घेण्याची सवय कायमची लावून घ्या.

डाळ धुण्याआधी कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त खमंग वास सुटला की उतरवायची. यानं डाळीचा कच्चट वास जातो आणि मसाला न घालताही सुपाला चव येते. मग दोन पाण्यानं धुऊन घ्या. भिजवायला वेळ असेल तर अर्धा तास भिजवा, नसेल तर तशीच शिजवा. पिवळी मुगडाळ भिजवल्याशिवायही लवकर शिजते, म्हणून तर रोजच्या घाईला तीच बरी.

गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळायला ठेवा. उकळी आली की डाळ, हळद आणि तेलाचे दोन-चार थेंब टाका. पहिल्या उकळीला वर पांढरट फेस येतो तो पळीनं काढून टाका. तो राहिला तर सूप गढूळ दिसतं आणि गंजाबाहेर उतू जाऊन चूल विझवतं. पंधरा मिनिटांत डाळीचा दाणा फुलतो. तेव्हा कोहळ्याच्या फोडी, ठेचलेलं आलं, पाच पाकळ्या लसूण आणि सांबाराच्या काड्या दोऱ्यानं बांधून टाका. पानं वेगळी ठेवा, ती शेवटी लागतील. काड्या लोक फेकून देतात, पण सांबाराची खरी चव काडीत आणि मुळाशी असते. आणखी पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या. पळीच्या पाठीनं फोड दाबली की ती विरली पाहिजे. मधेच कुठे टणक राहिली असेल तर घोटायला घेऊ नका.

चुलीच्या जाळाबद्दल एक सांगते. या दिवसांत घरात गेल्या साली रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या, असतात. त्या भर्रकन पेटतात आणि तितक्याच लवकर संपतात. पाण्याला उकळी आणायला तो जाळ चांगला, पण डाळ शिजायला आच संथ आणि एकसारखी लागते. उकळी आली की बाभळीचं किंवा दुसरं एखादं जाड लाकूड सरकवा, किंवा जाळ ओढून निखाऱ्यावर गंज ठेवा. भडक जाळावर पाणी आटतं, डाळ बुडाला लागते आणि वरची तशीच कच्ची राहते. कुकर वापरायचा असेल तर सगळं एकत्र टाकून फक्त तीन पेले पाणी घाला, दोन-तीन शिट्ट्या काढा, मग पाच मिनिटं मंद आच. उरलेलं पाणी नंतर गरम करून घालायचं. सिलिंडर पुरवायचा असेल तर कुकरच परवडतो.

आता घोटणं. मिक्सर नसल्याचं वाईट वाटून घेऊ नका. या सुपाला रवी किंवा डाळघोटणी मिक्सरपेक्षा चांगली, कारण मिक्सर सगळं इतकं बारीक करतो की सूप खळीसारखं लागतं. पण घोटायची एक रीत आहे. गंज उतरवा, सांबाराच्या काड्या काढून टाका, आणि वरचं दीड-दोन पेले पाणी दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. उरलेला घट्ट गोळा तीन-चार मिनिटं चांगला घोटा. पाणी भरपूर असताना रवी फिरवली की डाळ नुसती गोल फिरते, फुटत नाही. घट्टपणात दाण्यावर दाब येतो, तो मोडतो आणि आतला स्टार्च मोकळा होतो. चोथा खाली बसण्याचा तुमचा त्रास बहुतेक इथेच थांबेल. मग काढलेलं पाणी थोडं थोडं परत घालत घोटा आणि गंज पुन्हा चुलीवर ठेवा. पाच मिनिटं उकळलं पाहिजे. दाट वाटलं तर कढत पाणी घाला, गार नको. गार पाणी ओतलं की उकळी मोडते, आणि घाईत तसंच उतरवलं तर सूप कच्चं आणि पाणचट लागतं. चमच्याच्या पाठीवर पातळसा थर राहिला आणि बोटानं रेघ ओढल्यावर ती क्षणभर टिकली, की सूप झालं.

मामाजींना किंवा मुलाला अगदी गुळगुळीत हवं असेल तर पुरणाच्या चाळणीतून गाळा. मी स्वतः गाळत नाही. जो लगदा चाळणीवर राहतो तो पोटाला चांगला असतो. आणि लाइन असेल आणि मिक्सरच वापरायचा असेल, तर सूप कोमट होऊ द्या आणि भांडं अर्धंच भरा. कढत सूप मिक्सरमध्ये फिरवलं की वाफेनं झाकण उडतं आणि हात-तोंड भाजतं.

फोडणी सर्वांत शेवटी. लहान कढल्यात तूप तापवा, जिरं तडतडलं की उरलेला लसूण ठेचून टाका, तो बदामी झाला की कुटलेले मिरे, चिमूटभर हिंग, आणि हे सगळं सुपावर ओतून लगेच झाकण. दोन मिनिटं झाकलेलं राहू द्या. तूप चवीसाठी आहेच, पण त्याचं आणखी एक काम आहे. कोहळ्याचा केशरी रंग ज्या घटकाचा, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि स्निग्ध पदार्थ सोबत असला तरच तो घटक नीट शोषला जातो. म्हणून बिनातेलाचं, बिनातुपाचं सूप पौष्टिक असतं ही समजूत सोडून द्या. चार-पाच माणसांत दोन चमचे तूप म्हणजे काही जास्त नाही. वाटीत वाढल्यावर लिंबू पिळा आणि सांबाराची पानं भुरभुरा. उकळत्या गंजात लिंबू पिळू नका. क जीवनसत्त्व उष्णतेनं नासतं, आणि डाळीतलं लोह अंगी लागायला तेच मदत करतं.

तिखटाला मिरे पुरेसे आहेत. कुणाला मिरचीच हवी असेल तर मुलांचं वाढून झाल्यावर मोठ्यांच्या गंजात लाल मिरचीची वेगळी फोडणी द्या. घरी भिवापुरी मिरची असेल तर अर्धीच टाका, तिचा तिखटपणा तुम्हाला माहीतच आहे. हळद मात्र चांगली घ्या. तुमच्याच जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद मिळते, तिला भौगोलिक मानांकन आहे. तिचा रंग आणि वास दोन्ही जोरकस, तिथे पाव चमचाही जास्त होतो. गरम मसाला, काळा मसाला, खोबरं यातलं काही नको. तो रश्श्याचा थाट आहे. पाटवडीच्या रश्श्यात मसाला हवाच, पण सुपात मसाला पडला की कोहळ्याची चव मरते आणि मुलं वाटी बाजूला सारतात.

मिठाचं जरा सविस्तर सांगते, कारण मामाजींचा प्रश्न तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसानं दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा. त्यात भाजी, वरण, लोणचं, पापड, सगळं आलं. पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये लिहिलेला असतो, त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. पाकीट हातात घेऊन हा गुणाकार एकदा कराच, आणि आकडा पूर्ण पाकिटाचा आहे की एका वाढणीचा तेही बघा. घरच्या सव्वा लिटर सुपाला अर्धा चमचा मीठ मी पुरेसं मानते. लसूण, मिरे आणि लिंबू असले की जिभेला मीठ कमी पडल्याचं जाणवत नाही. मीठ शेवटी घाला, कारण आधी घातलं तर पाणी आटत जातं आणि खारटपणा वाढत जातो. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण मामाजींसाठी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असताना ते धोक्याचं ठरू शकतं.

हे उत्तर अकोला, बुलढाणा, अमरावतीकडच्या बायकाही वाचतील, म्हणून पाण्याचं सांगायलाच हवं. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी मुळातच खारट असतं. तिथे सूप तयार झाल्यावर आधी चव घ्या, अनेकदा वरून मीठ लागतच नाही. इतर ठिकाणीही बोअरचं पाणी जड असलं की डाळ तासभर उकळूनही दाणा टणकच. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार डाळीला मऊ होऊ देत नाहीत. अशा ठिकाणी डाळ शिजवण्यापुरतं तरी फिल्टरचं पाणी घ्या, डाळ आदल्या दिवशी भिजवा, किंवा कुकर लावा. खायचा सोडा टाकून डाळ मऊ करायची पद्धत गावोगाव आहे. डाळ मऊ होते हे खरं, पण सोड्यानं ब-१ जीवनसत्त्व नासतं, सोडियम वाढतं आणि चवही साबणासारखी होते. बीपी असलेल्या घरात तर सोडा नकोच.

आंबट पदार्थांचंही तसंच. टमाटे, चिंच, अंबाडीचा पाला, यातलं काहीही डाळ पूर्ण शिजेपर्यंत गंजात जाऊ देऊ नका. आंबटपणात डाळीचा दाणा आणि भाजीची फोड दोन्ही मऊ व्हायला फार वेळ लागतो. पुष्कळ घरी सगळं एकदम टाकतात आणि मग डाळीला दोष देतात. अंबाडीची आठ-दहा पानं घोटून झाल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत टाकून बघा, लिंबू लागत नाही आणि सुपाला आपल्या मातीतला आंबटपणा येतो. फक्त एक काळजी घ्या. अंबाडी, बरबटी (चवळी), भेंडी अनेकदा पऱ्हाटीच्या ओळीत किंवा धुऱ्यावर लावलेली असते. त्या वावरात कीटकनाशक फवारलं असेल तर तिथला पाला आणि शेंगा सुपाला घेऊ नका. काही औषधं झाडाच्या आत भिनतात, पाण्यानं धुऊन ती निघत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. घरच्या खाण्याची भाजी परसात, न्हाणीच्या पाण्यावर, फवारणीपासून लांब लावा. शेवग्याचं एक झाड तिथे असलंच पाहिजे. त्याची मूठभर पानं काडी काढून शेवटच्या पाच मिनिटांत सुपात टाकली तर चव बिघडत नाही, आणि पोरांच्या पोटात हिरवी भाजी न सांगता जाते.

हिवाळा जसा पुढे सरकेल तशी सुपातली सामग्री बदलत न्या. दिवाळीनंतर गावरान भेदरं, म्हणजे गावठी टमाटे, स्वस्त होतात. त्यांचं सूप करायचं तर डाळ निम्मी घ्या, अर्धा किलो भेदरं वेगळी उकडून साल काढा, घोटलेल्या डाळीत मिसळा आणि सुपारीएवढा गूळ टाका. दाटपणा कमी वाटला तर ज्वारीचं पीठ वापरा. एक चमचा पीठ कोरडंच भाजायचं, निवू द्यायचं, अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचं आणि उकळत्या सुपात एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. गरम पाण्यात पीठ कालवलं की त्याचा वरचा थर लगेच शिजतो, आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळ्या होतात. त्या मग कशानंच मोडत नाहीत. पीठ घातल्यावर पाच मिनिटं उकळवा, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. भंडारा-गोंदियाकडे ज्वारीऐवजी तांदूळ असतो. तिथे मूठभर कणी डाळीबरोबरच शिजायला टाकावी, वेगळं काही करावं लागत नाही.

पण या मोसमातलं सगळ्यात चांगलं सूप व्हायचं ते सोल्यांचं, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांचं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत तुरीच्या हिरव्या शेंगा मिळतात, आणि त्या दाण्यांना जी गोडी असते ती वाळलेल्या डाळीत कधीच येत नाही. दोन वाट्या सोले घ्या. त्यातले मूठभर अख्खे ठेवून बाकीचे पाट्यावर लसूण, एक हिरवी मिरची आणि सांबारासोबत भरड वाटा. अगदी गंध करू नका. गंजात चमचाभर तेलात जिरं टाकून हा ठेचा मंद आचेवर परता. हिरवा वास जाऊन खमंग वास येईपर्यंत, म्हणजे सात-आठ मिनिटं तरी धीर धरा. सगळं सूप या परतण्यावर आहे. कमी परतलं तर हिरवट लागतं, करपलं तर कडू. मग चार पेले कढत पाणी, अख्खे सोले, आणि पंधरा-वीस मिनिटं संथ उकळी. सोल्यांमध्ये स्टार्च भरपूर असतो, त्यामुळे पीठ लागत नाही, पाणी आपोआप दाटतं. वरून भाजलेल्या जवसाची कूट चमचाभर टाका. सोबत ज्वारीची गरम भाकरी असली की वेगळी भाजी करायची गरज नाही. शेंगा घरच्या असतील तर तोडून लगेच सोलून करा. रात्रभर ठेवलेल्या सोल्यांची गोडी कमी होते.

पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ (लाख डाळ) घरोघरी असते आणि तिचं सूप करू का, असं हमखास विचारलं जातं. कधीमधी इतर डाळींबरोबर आली तर गोष्ट वेगळी, पण महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं तर घातक अंश कमी होतो, पूर्ण जात नाही. सुपात तर आपण शिजवलेलं पाणीच पितो. म्हणून सुपाला लाखोळी मी सांगत नाही. मूग घ्या, मसूर घ्या.

मांसाहार चालत असेल तर गावरान कोंबडीचं अळणी पाणीही थंडीत चांगलं. हाडांचे तुकडे गार पाण्यात ठेवून संथ आच द्या, फेस काढत राहा, आलं आणि मिरे टाका. गावरान कोंबडीला दीड-दोन तास लागतात, त्यात घाई चालत नाही. खळखळ उकळलं तर पाणी गढूळ होतं.

तुम्ही दमून घरी येता तेव्हा डाळ धुवायचंही जिवावर येतं, हे मला माहीत आहे. त्यासाठी लाइन असेल तेव्हा एक पीठ करून ठेवा. अर्धा किलो मुगडाळ आणि पाव किलो ज्वारी वेगवेगळी मंद आचेवर भाजा. दोन मोठे चमचे जिरं आणि एक मोठा चमचा मिरे किंचित गरम करा. पूर्ण गार झाल्यावर एक लहान चमचा हळद घालून सगळं बारीक दळा आणि कोरड्या डब्यात भरा. गरम असताना डबा लावला तर आत घाम धरतो आणि पीठ खवट होतं. मीठ यात मुद्दाम घालायचं नाही, म्हणजे मामाजींचं वेगळं काढता येतं. महिनाभर हे पीठ चांगलं राहतं. पेलाभर पाण्याला एक मोठा चमचा शीग लावून पीठ, आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग ढवळत आठ-दहा मिनिटं उकळायचं. त्यात किसलेलं कोहळं किंवा चिरलेला पालक टाकला तर तेवढ्याच वेळात तोही शिजतो. मुलगा पाकिटाचं सूप मागेल तेव्हा हे द्या. त्याला वरून कुरकुरीत काही हवं असेल तर कोहळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, भाजून सोलून घाला.

नऊ महिन्यांच्या मुलीसाठी मात्र पातळ सूप देऊ नका. एवढ्या लेकराचं पोट लहान असतं, ते पाण्यानं भरलं की तिला लागणारी ताकद मिळत नाही. घोटताना पाणी बाजूला काढतो त्या वेळचा जो घट्ट गोळा असतो, तोच तिचा. त्यातला अर्धी वाटी काढून घ्या, अर्धा चमचा तूप घाला, थोडा भात किंवा भाकरीचा मऊ भाग कुस्करा आणि चमच्यावरून ओघळणार नाही इतपत दाट ठेवा. तिच्या वाट्याला मीठ, मिरे काही नको. वर्षाची होईपर्यंत मीठ लागत नाही. अंगावरचं दूध चालूच ठेवा. हे त्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही. मोठ्यांनीही नुसत्या सुपावर रात्र काढू नये. वर सांगितलेल्या मापात माणशी पाच-सहा ग्रॅम प्रथिनं येतात, वेचणीच्या कष्टाला ती पुरत नाहीत. सोबत भाकरी, अंडं किंवा दही असू द्या.

सकाळी करून संध्याकाळी प्यायचा विचार असेल तर तो सोडा. पहाटे गोधडी लागत असली तरी कार्तिकात दुपारचं ऊन अजून तापतं, आणि झाकलेल्या गंजात डाळीचं सूप दुपारपर्यंत आंबतं. आंबट वास येण्याआधीही त्यात जंतू वाढलेले असू शकतात. सकाळी फक्त डाळ भाजून ठेवा आणि कोहळं चिरून झाकून ठेवा. रात्री उरलं आणि फ्रिज असेल तर दोन तासांच्या आत त्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून खळखळ उकळा. फ्रिज नसेल तर रात्रीच त्यात तिखट, तीळ, चिरलेला सांबार आणि मावेल तेवढं ज्वारीचं पीठ घालून धपाटे थापा. मूग आणि कोहळ्यामुळे ते मऊ राहतात. सकाळी वावरात न्यायच्या शिदोरीचं काम तिथेच होतं.